गोदूमावशीचे एक्केचाळीस सेकंद

गोदूमावशीबद्दल लिहायला माझ्याइतका नालायक माणूस नाही. पण दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो. गेटपासवर तिचं नाव होतं गोदावरी हिरामण तरे, राहणार अंजूर. वय लिहिलं होतं सत्तेचाळीस. खरं बावन्न होतं. ठेकेदार पन्नाशीच्या पुढच्या बायका घेत नाही, म्हणून वय कमी सांग असं मीच तिला सुचवलं होतं. तिच्यासाठी मी केलेलं चांगलं काम तेवढं एकच.

माझी आई अंजूरची. गोदू आणि ती एका आळीतल्या, बरोबरीच्या. गोदूला गावातच दिली, आई लग्न होऊन काल्हेरला आली. त्यामुळे नात्यात काही नसलं तरी गोदू माझी मावशी. तिचा नवरा हिरामण खाडीत रेतीच्या बोटीवर जायचा. रेती बंद झाली तसा तो ओट्यावर बसला तो बसलाच. भाताचं शेत गोदामवाल्याला गेलं. गोदूमावशीला रिकामं बसता येत नाही, हा तिचा स्वभाव म्हणा की खोड. एक दिवस ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. "अनंता, तुज्या गोदामात बायकांना घेतात काय? मना शिकवलास तर जमंल."

मी तेव्हा मानकोलीच्या एका गोदामात लाइन सुपरवायझर होतो. लोक मोबाइलवरून डबे, शाम्पू, मुलांचे बूट मागवतात. ते आमच्याकडे खोक्यात भरले जातात आणि ट्रकने जातात. काम समजायला सोपं आणि करायला रटाळ. सपाट पुठ्ठा उघडून खोकं उभं करायचं, वस्तू ठेवायची, कागद कोंबायचा, टेप मारायची, लेबल लावायचं. मग पुढचं खोकं. दिवसभर उभ्याने.

मावशीने हे काम दोन दिवसांत उचललं. दोन महिन्यांत तिने गावातून आणखी सहा बायका आणल्या, आणि वर्षाच्या आत आमच्या तीन नंबरच्या लाइनवर चौदाच्या चौदा अंजूरच्या बायका झाल्या. सकाळी दोन रिक्षांत कोंबून यायच्या. पुढच्या रिक्षात कडेची जागा मावशीची, ती कुणी घेत नसे.

या चौदा जणींतली एक चंद्रा. मावशीची धाकटी जाऊ. नवरा नाही, पदरात दोन मुली. आधी ती भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. तिथे मशीनच्या पट्ट्यात तिच्या उजव्या हाताची करंगळी गेली, आणि शेजारचं बोट तेव्हापासून वाकत नाही. तिला टेपचं टोक चिमटीत धरता येत नसे. लेबल सुटत नसे. पण पुठ्ठा तळहाताने दाबून खोकं उभं करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. एका दणक्यात खोकं तयार.

आता या बायकांनी काय केलं होतं ते सांगतो, कारण सगळं पुढे त्याच्यावरच येणार आहे. आमच्याकडे शेतावर सावड असते. आवणीला, म्हणजे भात लावायला, आज सगळ्या मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कुणी किती रोपं लावली हे कुणी मोजत नाही, कारण शेत संपलं की संपलं. या बायकांनी तीच सावड गोदामात आणली. चंद्रा फक्त खोकी उभी करायची, चार-पाच जणींना पुरतील एवढी. तिच्या बदल्यात त्या तिची टेप मारायच्या. एकीची नजर अधू होती, तिला लेबलं दुसरी सोडवून द्यायची. कुणाला बरं नसलं की ती बसून कागदाचे बोळे करायची. त्या वेळी स्कॅनर अख्ख्या लाइनला एकच होता आणि आकडाही लाइनचा. तीन नंबरचा आकडा कायम पहिला किंवा दुसरा असायचा. मी ते बघायचो आणि गप्प बसायचो. सुपरवायझरला आकडा आल्याशी मतलब.

मग कंपनीने शास्त्र आणायचं ठरवलं.

शास्त्राचं नाव होतं सार्थक. ठाण्याचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, इंडस्ट्रियल इंजिनियर. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट असता तर मला फार सोपं गेलं असतं. पहिल्या दिवशी त्याने आम्हा सुपरवायझरांना बसवून समजावलं, की कुठलंही काम तुकड्यांत तोडता येतं, प्रत्येक तुकड्याला वेळ असतो, आणि नको ते तुकडे काढून टाकले की माणूस न दमता जास्त काम करतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत पोलादाच्या कारखान्यात फावडं मारणाऱ्या मजुरांवर घड्याळ लावून हे सिद्ध केलंय म्हणाला. "आपण माणसाला पळवायचं नाही, पद्धत सुधारायची," असं तो म्हणाला, आणि त्याचा त्यावर विश्वास होता.

त्याने पहिलं काम केलं ते टेबलांचं. आमची टेबलं बुटकी होती. बायका दिवसभर वाकून काम करायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत कमरेला हात लावून भिंतीशी बसायच्या. सार्थकने फूटपट्टी घेऊन प्रत्येकीच्या कोपराची उंची मोजली आणि टेबलांच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. टेपचं मशीन डावीकडून उजवीकडे आणलं. एवढंच. आठवड्याभरात कमरा दुखायच्या थांबल्या. पाच वर्षं मी त्या बायकांना वाकलेलं बघत होतो, मला ठोकळे सुचले नव्हते.

मावशीने त्याला लगेच पोटाशी धरलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी डबा यायला लागला. तांदळाची भाकर आणि जवळ्याची चटणी. तो आधी संकोचायचा, मग बोटं चाटून खायचा. "मावशी, तुम्ही उद्या आणू नका हं," असं रोज म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी वाट बघायचा. बायका त्याला साहेब म्हणायच्या, पण आपसात त्याचा उल्लेख 'आपला पोर' असा.

महिन्याभराने त्याने जाहीर केलं की आता टाइम स्टडी होणार. घड्याळ, फळी आणि छापील फॉर्म घेऊन तो एकेका टेबलाशी उभा राहणार. बायका घाबरतील म्हणून त्याने सांगितलं, "घाबरू नका. ही तुमची परीक्षा नाही."

तुमची नाही, म्हणजे मग कोणाची? बायकांनी जेवणाच्या सुट्टीत त्याचा अर्थ लावला. घड्याळ ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी दिलेलं, फॉर्म त्यांनी दिलेला, भरून त्यांनाच पाठवायचा. म्हणजे परीक्षा सार्थकची. आकडा कमी आला तर एवढे ठोकळेबिकळे लावून काय केलंस म्हणून त्याला ओरडा बसणार. "पोराची परीक्षा हाय," मावशी म्हणाली. "त्यानं आपल्या कमरा सोडवल्या. त्याची मान खाली गेली न्हाय पायजे."

मी तिथेच चहा पीत होतो. मावशी, तसं नाहीये, एवढे तीन शब्द बोलायला मला काही कष्ट नव्हते. मी हसलो. माझ्या लाइनचा आकडा चांगला आला तर माझंही नाव होणार होतं. शिफ्ट इनचार्जची जागा रिकामी होती आणि माझा अर्ज वर गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सार्थक मावशीच्या टेबलाशी उभा राहिला. सगळ्यात कुशल कामगार निवडायचा अशी पद्धत होती, आणि ती मावशी आहे यात वाद नव्हता. त्याने मला माझाच मोबाइल धरायला लावला. "अनंता, तुम्ही फक्त हातांचा व्हिडिओ घ्या. ट्रेनिंगला उपयोगी पडेल."

मी मोबाइल धरला. त्याने घड्याळ दाबलं. आणि तीन नंबरच्या लाइनवर सावड सुरू झाली.

मावशीच्या डाव्या बाजूला चंद्रा पुठ्ठ्यांच्या ट्रॉलीआड उभी होती. मावशीचा हात रिकामा व्हायच्या आत उभं केलेलं खोकं सरकत येऊन तिच्या पुढ्यात थांबायचं. उजवीकडची बाई लेबलाचा कोपरा सोडवून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायची. समोरची कागदाचा बोळा करून तयार ठेवायची. मावशी फक्त भरत होती आणि टेप मारत होती. चेहऱ्यावर घाम, डोळ्यांत हसू. पाहुणा शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला की आमच्या बायकांच्या अंगात जे येतं, ते आलं होतं.

सार्थकची नजर घड्याळ, फॉर्म आणि मावशीची बोटं एवढ्यातच फिरत होती. प्रत्येक तुकडा संपला की खाली बघून आकडा लिहायचा. तरी तो हुशार होता. सहाव्या खोक्याला तो थांबला. "खोकी आधीच उभी करून ठेवलेली असतात का?"

त्याने हे मावशीला विचारलं नाही. मला विचारलं.

मी म्हणालो, "हो सर. सकाळीच करून ठेवतात."

पुरतं खोटं नव्हतं ते. चंद्रा करायचीच. पण चंद्रा करते, त्यासाठी तिची टेप दुसऱ्या मारतात, हे मी सांगितलं नाही. सार्थकने फॉर्मवर त्या तुकड्यापुढे 'तयार' असं लिहिलं आणि पुन्हा घड्याळ दाबलं. तीस खोकी मोजून झाली. सरासरी आली एक्केचाळीस सेकंद. त्याने दमण्यासाठी, पाणी प्यायला, बाथरूमला म्हणून नियमाप्रमाणे वर पाच सेकंद टाकले. शेहेचाळीस. शास्त्र दयाळू असतं.

"मावशी, कमाल केलीत," सार्थक म्हणाला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मावशीने विचारलं, "झाला काय रे पास?" तो म्हणाला, "झालो." त्याला वाटलं ती थट्टा करतेय.

सहा आठवड्यांनी नवी व्यवस्था आली. प्रत्येकीला वेगळा स्कॅनर, वेगळा नंबर. भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर सगळ्यांची नावं. टार्गेट पूर्ण होत असेल तर नाव हिरवं, मागे पडलं तर पिवळं, फार मागे पडलं तर लाल. आधी शिफ्टला एकेका बाईचा हिशोब पडायचा पावणेचारशे-चारशे खोक्यांचा. आता टार्गेट झालं पाचशे चाळीस. आणि खोकं जिचं तिने उभं करायचं, कारण आता प्रत्येकीचं काम वेगळं मोजायचं होतं. चार बायकांनी मिळून जो वेळ काढला होता, तो आता प्रत्येकीने एकटीने काढायचा होता.

मी आजही या गोष्टीवर चरफडतो. खरं शास्त्र त्या बायकांनीच लावलं होतं. ज्या हाताला जे जमतं ते त्याला द्यायचं, जे जमत नाही ते दुसऱ्याने उचलायचं. एकही फॉर्म न भरता. आम्ही घड्याळ आणि पगारी इंजिनियर लावून नेमकी तीच गोष्ट मोजली, एकीच्या नावावर लिहिली आणि मग तीच मोडून टाकली.

पहिल्या आठवड्यात सावड चालू ठेवायचा प्रयत्न झाला. चंद्राने खोकं सरकवलं की तिचं नाव लाल व्हायचं, कारण खोकं उभं करणं स्कॅनरला दिसत नाही. तिची टेप मारायला कुणी हात पुढे केला की त्या बाईचं नाव पिवळं व्हायचं. दुसऱ्या आठवड्यात हात आखडले. तिसऱ्यात बायका एकमेकींकडे बघेनाशा झाल्या, सगळ्यांच्या नजरा टीव्हीवर. पाणी प्यायला जायच्या थांबल्या. चंद्राचं नाव पहिल्या दिवसापासून लाल होतं ते लालच राहिलं. सलग चार आठवडे लाल असलेल्या बाईला ठेकेदार सोमवारी गेटवरूनच परत पाठवणार, असा कागद माझ्याच सहीने नोटीस बोर्डावर लागला होता.

मावशीचं नाव पिवळं असायचं. स्वतःच्या एक्केचाळीस सेकंदांना ती स्वतः पुरी पडत नव्हती. पण ऑफिसात त्या आकड्याला तिचंच नाव पडलं होतं, आणि ते खाली लाइनवर झिरपायला वेळ लागला नाही. गोदूचा टाइम. आज गोदूचा टाइम निघाला का? गोदूने नाक वर करून टाइम दिला आणि आमच्या गळ्याला फास लावला. ज्या बायकांनी तिच्या पुढ्यात लेबलं सोडवून ठेवली होती, त्याच हे बोलायला लागल्या. माणूस स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर किती चटकन लिहितो, यावर मी कुणाला नावं ठेवू शकत नाही.

एका सकाळी मावशी आली ती मागच्या रिक्षातून, ड्रायव्हरशेजारी अर्धी बाहेर बसून. पुढच्या रिक्षातली कडेची जागा दुसऱ्या बाईने घेतली होती. मावशीने पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

चंद्राच्या चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी मावशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. डबा उघडलेला नव्हता.

"अनंता, मी सायबाला सांगनार. त्यो टाइम माजा एकलीचा न्हवता. चार बायकांचा काम हाय त्यो. खरा कळला तर त्यो आकडा मागे घेईल. चंद्रीची ड्युटी वाचंल."

"मावशी, फसवलं म्हणतील."

"फसवला कुठं? आमाला वाटला परीक्षा पोराची हाय." मग तिने आवाज खाली आणला. "तू तिथं होतास. तू सगला पायलास. तू फक्त हो बोल. माजा एकलीचा कोन आयकनार?"

मी म्हणालो, "बघू."

तिला ते हो वाटलं. आमच्याकडे मावशीला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून असेल.

दोघं सार्थकच्या केबिनमध्ये गेलो. त्याने खुर्ची दिली, ती बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. चंद्राचं खोकं, लेबल, कागद, परीक्षा. परीक्षेचं ऐकून सार्थकचा चेहरा पडला. मग त्याने कपाटातून फॉर्म काढला आणि 'तयार' या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे वळला.

"अनंता, मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही शेजारी उभे होता. त्या दिवशी खोकी चंद्रा सरकवत होती का?"

माझ्या खिशात मोबाइल होता. त्यात तो व्हिडिओ होता. मी तो अजून सार्थकला पाठवला नव्हता, त्याने मागितलाही नव्हता. खोकं सरकवणारा हात त्यात स्पष्ट दिसत होता, करंगळी नसलेला. हे मला ठाऊक होतं, कारण मी तो घरी दोनदा पाहिला होता. आणि त्याच सकाळी मला एचआरने सांगितलं होतं की तुझं इनचार्जचं पत्र सोमवारी निघतंय.

"मी मोबाइलच्या स्क्रीनकडे बघत होतो, सर," मी म्हणालो. "आजूबाजूला लक्ष नव्हतं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काही चुकून बोललो असेन आणि आता दुरुस्त करीन, असं वाट बघितल्यासारखं. मी फॉर्मकडे बघत राहिलो.

सार्थक तरीही भला वागला. म्हणाला, "मी पुन्हा मोजतो. एकटीचं." दुसऱ्या दिवशी गोदामाच्या रिकाम्या कोपऱ्यात एक टेबल लावलं, वर कॅमेरा टांगला. मावशी एकटी. बाकीच्या तेरा जणी आपापल्या टेबलांवरून बघत होत्या. तिला हळू काम करता आलं असतं. सगळ्यांची तीच इच्छा असणार. पण हळू काम करणं तिच्या हातांना येत नव्हतं, आणि खोटेपणाचा आळ एकदा आला होता तो पुरे होता. ती जीव तोडून करत होती. पुठ्ठा उघडताना तिचा अंगठा दोनदा कापला. सत्तावन्न सेकंद.

सार्थकने प्रामाणिकपणे दोन पानांचा अहवाल वर पाठवला. उत्तर चार दिवसांनी आलं. एकाच कामगाराच्या दोन मोजण्यांत एवढा फरक असेल तर तो कामगार मोजणीसाठी भरवशाचा नाही. दुसऱ्या वेळी त्याने मुद्दाम वेळ काढलेला असू शकतो. पहिल्या मोजणीच्या वेळी हजर असलेल्या सुपरवायझरने मदतीच्या दाव्याला दुजोरा दिलेला नाही. आकडा एव्हाना बाकीच्या पाच गोदामांत लागू झालेला आहे, सबब तो कायम. संबंधित कामगाराचं कंत्राट पुढे चालवू नये.

'सुपरवायझरने दुजोरा दिलेला नाही' हे वाक्य मी तीनदा वाचलं. इंग्रजीत ते फार साधं दिसत होतं.

चंद्राला सोमवारी गेटवरूनच परत पाठवलं होतं. मावशीला पुढच्या शनिवारी सांगितलं. सांगायचं काम इनचार्जचं असतं, आणि इनचार्ज मी होतो. तिने गळ्यातला गेटपास काढून टेबलावर ठेवला, त्याची दोरी नीट गुंडाळून. मी काहीतरी बडबडलो, दुसरीकडे बघतो, ओळखीचा ठेकेदार आहे, वगैरे.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "चलते, सायेब," ती म्हणाली.

मी तिला जन्मापासून ओळखतो. ती मला कधी अनंता, कधी अंत्या, लहानपणी भोपळ्या म्हणायची. साहेब तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. टोमणा नव्हता. नुसती हाक बदलली होती.

सार्थकने दोन महिन्यांत नोकरी सोडली. जाताना माझ्याशी हात मिळवला, पण बोलला नाही. त्याला कळलं होतं की काय, मला माहीत नाही. त्याचे ठोकळे तेवढे अजून टेबलांखाली आहेत.

मावशी आणि चंद्रा आता काल्हेरला येतात. इथे नव्या इमारती झाल्यात, त्यांचे जिने पुसायचं काम दोघींनी मिळून घेतलंय. माझी इमारत त्यातलीच. चंद्राला फडकं पिळता येत नाही, ते मावशी पिळून तिच्या हातात देते, आणि मावशीचे गुडघे वाकत नाहीत म्हणून खालच्या पायऱ्या चंद्रा पुसते. हे मी एकदाच पाहिलं, वरच्या मजल्यावरून वाकून. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावर राहूनही लिफ्टने जातो. आई जिन्यात थांबून मावशीशी बोलते. गोदू तुझी चौकशी करत नाही हल्ली, भांडलात का, असं तिने एकदा विचारलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

व्हिडिओ मात्र कामाला आला. सार्थक गेल्यावर वरून ट्रेनिंगसाठी मागणी आली, तेव्हा मी तो कापून पाठवला. डावी कड जमेल तेवढी छाटली. पूर्ण छाटली तर मावशीचाही हात जात होता, त्यामुळे एका ठिकाणी राहून गेलं. आता दर सोमवारी नवीन बायका आल्या की मी त्यांना टीव्हीसमोर बसवतो आणि तो लावतो. दीड मिनिट. दोन हात, खोकं, कागद, टेप, लेबल. हा वेळ माणसाला शक्य आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

दीड वर्ष कुणी काही विचारलं नव्हतं. मागच्या सोमवारी पहिल्या रांगेतली एक पोरगेली बाई पुढे वाकली. पडघ्याकडची होती, बहुतेक पहिलीच नोकरी. तिने टीव्हीच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"सायेब, खोका सरकवते तो दुसरा हात कोनाचा हाय? त्याला करंगली न्हाय."

चाळीस बायका माझ्याकडे बघत होत्या.

"तिकडे लक्ष देऊ नका," मी म्हणालो. "मधल्या हातांकडे बघा." आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.